चाळिशीची मोफत तपासणी आणि कामावरून लागणारा दमा

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली एक तरतूद बहुतेक बातम्यांत ठळकपणे आली: चाळीस वर्षांवरील कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी मालकाने करून द्यायची. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांचा विचार केला तर हे चांगलेच पाऊल आहे. आपल्याकडे अनेक जणांचा रक्तदाब आयुष्यात पहिल्यांदा मोजला जातो तोच काही बिघडल्यावर.

पण एक आजार असा आहे की जो चाळिशीची वाट पाहत नाही आणि वर्षातून एकदा केलेल्या तपासणीत सहसा सापडतही नाही. तो म्हणजे कामाच्या ठिकाणच्या हवेमुळे होणारा दमा. प्रौढ वयात नव्याने सुरू होणाऱ्या किंवा बळावणाऱ्या दम्यात कामाचा वाटा साधारण सहातला एक इतका असतो, असे जगभरातल्या अभ्यासांचे एकत्रित अनुमान आहे. म्हणजे हा दुर्मीळ आजार नाही. दुर्मीळ आहे ते त्याचे निदान. 'ॲलर्जिक खोकला', 'ब्रॉन्कायटिस', 'हवा बदलली' अशा नावांखाली तो वर्षानुवर्षे निघून जातो, आणि याच आजारात उशीर सर्वांत महाग पडतो.

हा दमा होतो कसा?

यातला मोठा गट ॲलर्जीचा आहे. रोज श्वासातून जाणाऱ्या एखाद्या पदार्थाविरुद्ध शरीर हळूहळू तयारी करत असते. ही तयारी काही आठवड्यांत होते, काही महिन्यांत होते किंवा काही वर्षेही घेते. तोपर्यंत माणसाला काहीच त्रास नसतो, आणि इथेच घोळ होतो. "डॉक्टर, मी चार वर्षे हेच काम करतोय, त्याने व्हायचा असता तर आधीच झाला असता" हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. प्रत्यक्षात मधली बिनत्रासाची वर्षे हे ॲलर्जीच्या दम्याचे लक्षणच आहे. एकदा ॲलर्जी झाली की मात्र गणित बदलते. आधी जितक्या धुळीने काही होत नव्हते, त्याच्या अगदी थोड्या अंशानेही छाती आवळू लागते.

दुसरा प्रकार झटक्याने होतो. क्लोरीन, अमोनिया किंवा ॲसिडची वाफ एकदाच पण खूप मोठ्या प्रमाणात फुफ्फुसात गेली की काही तासांत, फार तर एका दिवसात दम्यासारखी लक्षणे सुरू होतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. संडास-बाथरूम साफ करताना ब्लीच आणि ॲसिड एकत्र ओतल्याने क्लोरीन तयार होतो. सफाई कामगार आणि घरकाम करणाऱ्या महिलांमध्ये हा अपघात आजही होतो, म्हणून हे दोन पदार्थ कधीही एकत्र करू नका.

तिसरी शक्यता अशी की दमा आधीपासूनच होता आणि कामावरच्या धुळीने, धुराने किंवा थंड हवेने तो वाढला. याला कामामुळे वाढलेला दमा म्हणतात. यात बहुतेक वेळा उपचार नीट करून आणि धूळ-धूर कमी करून त्याच कामावर राहता येते. ॲलर्जीच्या दम्यात ते जमत नाही, म्हणून नेमका कोणता प्रकार आहे हे ठरवणे महत्त्वाचे.

बेकरी: धुराची चर्चा झाली, मैद्याची राहिली

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूरभट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे निर्देश दिले. त्यावर बरीच चर्चा झाली. पाव महागेल का, इराणी हॉटेलांच्या ब्रून मस्क्याची चव जाईल का, जुन्या भट्ट्यांचे काय होणार. शहराच्या हवेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण ही सगळी चर्चा चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धुराची होती. बेकरीच्या आत, मळणीयंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात काय जाते, हा प्रश्न त्यात आलाच नाही.

गव्हाच्या पिठाची धूळ हे जगात कामावरून होणाऱ्या दम्याच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत चांगल्या अभ्यासलेल्या कारणांपैकी एक आहे. पिठाच्या जोडीला पाव फुगावा, मऊ राहावा म्हणून घालतात त्या 'इम्प्रूव्हर'मध्ये बुरशीपासून बनवलेले अमायलेज नावाचे विकर असते. ते अगदी थोडे घालतात, पण ॲलर्जी करण्यात ते पिठापेक्षाही तिखट आहे. गोणी उलटी करून झटकताना, कोरड्या मैद्यावर यंत्र एकदम जोरात सुरू करताना, लाटण्याच्या ओट्यावर मूठभर पिठी उधळताना आणि काम संपल्यावर केरसुणीने झाडताना हवेत सर्वाधिक धूळ उडते. दिवसभराची सरासरी कमी असली तरी या चार-पाच क्षणांत श्वासातून बरेच काही आत जाते.

पिठाच्या बाबतीत शरीर आधी इशारा देते. छाती भरण्याच्या कितीतरी महिने आधी नाक वाहू लागते, शिंका येतात, डोळे चुरचुरतात. बेकरीत काम करणाऱ्या माणसाला कामावर असतानाच सर्दी होत असेल, तर तिला सर्दी समजून सोडून देऊ नका. दमा होण्याआधी थांबवण्याची हीच संधी असते.

'हार्डनर' आणि पीयू पॉलिश

डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये किंवा फर्निचरच्या कारखान्यात काम करत असाल तर 'हार्डनर' हा शब्द रोजचा आहे. रंगात किंवा पीयू पॉलिशमध्ये हार्डनर मिसळला की थर कडक आणि चमकदार होतो. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटातली रसायने असतात. स्प्रे गनमधून निघणाऱ्या तुषारांसोबत ती थेट फुफ्फुसात जातात. भोपाळमध्ये १९८४ साली ज्या वायूने हजारो बळी घेतले तो मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. रंगातली रसायने त्याच्यासारखी क्षणात जीव घेणारी नाहीत, पण ॲलर्जीचा दमा निर्माण करण्यात ती जगात अग्रभागी आहेत. त्वचेवर सांडल्यानेही ही ॲलर्जी जडू शकते, त्यामुळे उघड्या हातांनी हार्डनर ढवळण्याची सवय धोक्याची आहे.

युरोपीय संघाने २४ ऑगस्ट २०२३ पासून असा नियम केला आहे की ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त डाय-आयसोसायनेट असलेली उत्पादने कामासाठी वापरणाऱ्या प्रत्येकाने आधी सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेतलेच पाहिजे. आपल्याकडे हाच डबा दुकानातून आणला जातो आणि तोंडाला रुमाल बांधून, शटर अर्धे ओढून स्प्रे मारला जातो. शटर ओढतात ते ओल्या रंगावर रस्त्याची धूळ बसू नये म्हणून. गाडी जपली जाते!

याशिवाय सलूनमध्ये केस फिकट करण्याच्या ब्लीच पावडरीतले परसल्फेट, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सोल्डरिंग करताना निघणारा रोझिनचा धूर, रुग्णालयात दुर्बिणी निर्जंतुक करण्याचे ग्लुटाराल्डिहाइड आणि फरशी पुसण्याची जंतुनाशके, लाकडाचा भुसा, प्रयोगशाळेतले उंदीर अशी कारणांची यादी काही शेकड्यांत जाते. ती पाठ करण्याची गरज नाही. पुढचे दोन प्रश्न विचारले तरी पुरते.

सुटीवर असताना कसे वाटते?

सुटीच्या दिवशी त्रास कमी होतो का? आणि गावी गेल्यावर? चाळिशीच्या आतल्या-बाहेरच्या कोणत्याही माणसाला नव्याने दम लागू लागला, तर हे दोन प्रश्न डॉक्टरने विचारायला हवेत. त्यांनी विचारले नाहीत तर तुम्ही आपणहून सांगा.

दुसरा प्रश्न मुद्दाम वेगळा ठेवला आहे. मुंबई-पुण्यातल्या अनेक बेकऱ्या, फर्निचरची दुकाने आणि छोट्या कारखान्यांत कामगार तिथेच माळ्यावर झोपतात. त्यांच्या सुटीच्या दिवशीही हवा तीच असते. अशांना "रविवारी बरे वाटते का?" असे विचारले तर ते प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात आणि डॉक्टर चुकीच्या दिशेने जातो. गणपतीला, होळीला किंवा ईदला पंधरा दिवस गावी गेल्यावर खोकला थांबला होता का, परत आल्यावर किती दिवसांत सुरू झाला, हे विचारले की चित्र उलगडते.

आणखी एक फसवणूक वेळेची. कित्येकांना कामावर असताना फारसे काही होत नाही. काम संपल्यावर चार ते आठ तासांनी, रात्री घरी झोपेत, छाती आवळून जाग येते. मग दोष पंख्याला, एसीला, उशीला, रात्रीच्या दह्याला दिला जातो. दिवसभर स्प्रे मारणाऱ्या माणसाला रात्री दोनला ढास लागत असेल, तर शोध दिवसाच्या कामापासून सुरू व्हायला हवा.

आजार जुना झाला की हा नियमही धूसर होतो. एका सुटीत सुधारणा दिसेनाशी होते, आठ-दहा दिवस लागतात. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या वाचकांसाठी इथे एक खुलासा: कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस वेगळा. त्यात सुटीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती सर्वाधिक जड होते आणि आठवडाभरात हलकी होत जाते. ॲलर्जीचा दमा बहुधा उलटा चालतो, आठवडा सरत जाईल तसा वाढतो.

काही शे रुपयांचे यंत्र

वार्षिक तपासणीत छातीचा एक्स-रे काढतात. दम्यात तो बहुतेक वेळा स्वच्छ असतो. फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, केली तरी ती त्या दिवसापुरती. सुटी टाकून तपासणीला आलेल्या कामगाराची स्पायरोमेट्री नॉर्मल येऊ शकते आणि अहवालावर 'फिट' असा शिक्का बसतो. हा दमा दिवसागणिक बदलतो, त्यामुळे तो एका दिवसाच्या मोजमापात मावत नाही.

म्हणून पीक फ्लो मीटर. प्लास्टिकची छोटी नळी, औषधांच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. दीर्घ श्वास घेऊन त्यात जोरात फुंकायचे, काटा जिथे थांबेल तो आकडा लिहायचा. दिवसातून किमान चार वेळा: उठल्यावर, कामाच्या मध्ये, काम संपल्यावर, झोपण्यापूर्वी. प्रत्येक वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा नोंदवायचा. असे साधारण चार आठवडे, ज्यात कामाचे दिवस असतील आणि सलग सुटीचेही. शेजारी लिहायचे की त्या दिवशी कामावर होतो की नाही, कोणते काम केले, पंप किती वेळा घेतला. या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नियमित औषधे बदलू नका. आकडे अंदाजाने भरू नका, राहिला तर रकाना मोकळा सोडा. कामाच्या दिवसांत आकडे खाली आणि सुटीत वर, असा आलेख दिसला तर निदान बरेचसे झाले.

पिठासारख्या काही पदार्थांसाठी त्वचेवरची किंवा रक्तातली ॲलर्जी चाचणी उपयोगी पडते. आयसोसायनेटसारख्या रसायनांसाठी मात्र अशी भरवशाची चाचणी नाही. तिथे तुमची वहीच मुख्य पुरावा. डब्याच्या लेबलचा फोटो आणि मिळाली तर कंपनीची 'सेफ्टी डेटा शीट' डॉक्टरांना दाखवा. दुकानात ज्याला नुसते 'केमिकल' म्हणतात त्याचे खरे नाव तिथे असते.

लगेच राजीनामा देऊ नका

हे वाचून विचित्र वाटेल, पण शंका येताच नोकरी सोडणे हा बहुतेक वेळा योग्य पहिला उपाय नाही. काम सुटले की पीक फ्लोची तुलना करता येत नाही, निदान अडकते आणि भरपाईचा दावाही कमकुवत होतो. आधी चार आठवड्यांची नोंद, छातीच्या डॉक्टरांचे लेखी निदान, मग निर्णय. अर्थात झटका मोठा असेल तर नोंदी बाजूला. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, पंप घेऊनही दम कमी होत नसेल, तर १०८ला फोन करा आणि त्या जागेवर परत जाण्याआधी डॉक्टरांशी बोला.

औषधे इतर दम्याचीच: स्टिरॉइडचा इनहेलर हा पाया. "पंपाची सवय लागते" ही समजूत सोडून द्या. पण पंपाचा एक वेगळा धोका या आजारात खरा आहे. पंपाने लक्षणे दबतात, माणूस त्याच हवेत काम करत राहतो आणि आत सूज वाढत जाते. ॲलर्जीच्या दम्यात मुख्य उपचार त्या पदार्थापासून पूर्ण दूर जाणे हाच आहे. पूर्ण दूर गेल्यावरही साधारण एक-तृतीयांश लोकच लक्षणांतून पूर्ण मुक्त होतात. त्रास सुरू झाल्यापासून जितक्या लवकर दूर जाल तितकी ही शक्यता जास्त. पंचविशीत सुरू झालेला दमा चाळिशीच्या मोफत तपासणीत सापडला, तर तोपर्यंत पंधरा वर्षे गेलेली असतात. या तरतुदीबद्दल माझा आक्षेप एवढाच आहे.

कायद्याच्या दोन याद्या

कामामुळे होणारे कोणते आजार सरकारला कळवायचे, याची यादी नव्या सुरक्षा संहितेतही आहे. कारखाना कायद्यातल्या जुन्या यादीसारखीच ती २९ आजारांची आहे. त्यात सिलिकोसिस आहे, बिसिनोसिस आहे, आयसोसायनेटची विषबाधाही आहे. 'दमा' हा शब्द नाही. त्यामुळे मैद्याने दमा झालेला कामगार समोर बसला असला तरी तो कळवण्याची कायदेशीर सक्ती डॉक्टरवर येत नाही आणि त्याची मोजणी होत नाही.

उलट नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत कामातल्या मान्यताप्राप्त ॲलर्जीकारक पदार्थांनी होणारा दमा स्पष्टपणे आहे. त्या प्रकारच्या कामात सलग किमान सहा महिने नोकरी झाली असेल तर दावा करता येतो. कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये असाल तर दावा त्या मार्गाने जातो. एकच देश, एकच आजार. भरपाई देताना ओळखतो, मोजताना ओळखत नाही. यादीत एक ओळ वाढवण्याने हे सुधारू शकते, आणि संहिता नव्या असताना ते करणे सोपे आहे.

शिवाय ही संहिता मुख्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. सहा जणांची बेकरी, चौघांचे गॅरेज, तिघींचे पार्लर तिच्या बाहेरच राहते. म्हणून पुढचे मालकांसाठी.

तुमचा छोटा धंदा असेल तर

मास्क वाटण्यापासून सुरुवात करू नका, तो शेवटचा उपाय आहे. रुमाल किंवा ओढणीने काहीच अडत नाही. एन-९५ धूळ अडवतो, पण रसायनांची वाफ नाही. हार्डनरच्या स्प्रेसाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे शिरस्त्राण लागते. मुळाशी धूळ कमी करणे हाच खरा मार्ग, आणि तो चालतो हे सिद्ध झालेले आहे. १९६०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये कपडे धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यांत विकरांमुळे कामगारांना दमा होऊ लागला. कंपन्यांनी विकराचे कण आवरणात बंद केले, यंत्रे झाकली आणि रुग्ण झपाट्याने घटले. रुग्णालयांत पावडर लावलेले रबरी हातमोजे बंद केल्यावर परिचारिका आणि डॉक्टरांमधली लॅटेक्सची ॲलर्जीही अशीच उतरली.

बेकरीत याचा अर्थ इतकाच: मळणीयंत्राला झाकण, सुरुवात हळू वेगाने, पाणी आधी. गोणी झटकायची नाही, गुंडाळून ठेवायची. पिठी हाताने उधळण्याऐवजी चाळणीने खालून भुरभुरवायची. इम्प्रूव्हर पावडरऐवजी द्रव किंवा दाणेदार मिळतो का पाहायचे. केरसुणी आणि हवेचा पाइप बंद. ओले पोछे किंवा व्हॅक्यूम. झोपण्याची जागा पिठापासून वेगळी. इंधन बदलण्यासाठी भट्टीची तोडफोड करणार असाल, तर मळणीची जागा वेगळी काढून तिथे हवा बाहेर फेकणारा पंखा बसवण्याचे काम त्याच गवंड्याकडून करून घ्या.

नवीन माणूस कामावर घेतला की पहिल्या दोन वर्षांत दर काही महिन्यांनी त्याला विचारा: नाक वाहते का, रात्री खोकला येतो का, गावी गेल्यावर थांबतो का. उत्तर 'हो' आले तर त्याला काढून टाकू नका. काढले जाते असे दिसले की बाकीचे सांगायचे बंद करतात. त्याला विक्रीच्या काउंटरवर किंवा पाव पोहोचवण्याच्या कामावर घ्या आणि छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा. जाताना पीक फ्लोची वही त्याच्या हातात असू द्या.